ताकदीची गोळी

मानवजातीच्या वेदनेचं मूळ आता हाती लागलं आहे, आणि ते उपटण्याचा मान अहमदनगर जिल्ह्याला मिळणार आहे, असं डॉ. शामकांत टोकेकर यांनी मंगळवारी सकाळी भरदार आवाजात जाहीर केलं. ऐकायला समोर फक्त आरसा होता. "मानवजातीचं मागनं बघा," आतून दमयंतीबाई म्हणाल्या, "तांब्यात पाणी किती उरलंय ते सांगा आधी. नळ आता परवा यायचाय." डॉक्टरांनी तांब्यात डोकावून पाहिलं. मानवजात राहिली बाजूला, दुसऱ्या गालापुरतं पाणी उरेल की नाही याचाच संशय होता. त्र्याहत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात सावेडीतल्या नव्या बंगल्यांमध्ये बागेपासून कारंज्यापर्यंत सगळं नकाशावर होतं, आणि नकाशा कपाटात होता. डॉक्टरांनी उजव्या गालाचा फेस जपून जपून उतरवला, डाव्याला ब्रशानं पुन्हा एकदा फेस चढवला आणि भाषण पुढं चालू केलं. पुढच्या महिन्यात मुंबईला मोठी परिषद होती. तिथं त्यांचा निबंध वाचला जायचा होता, मुंबईच्या एका औषध कंपनीच्या, अंगदुखीवरच्या नव्या गोळीबद्दल. गोळीला अजून नाव नव्हतं, नुसता नंबर होता. घोडेगावच्या अलीकडं दुष्काळी कामावर पाझर तलाव खणला जात होता आणि तिथं खडी फोडणाऱ्या बायकांना उन्हाळाभर ती गोळी रोज दिली जात होती. वर पेलाभर दूध. दिवसभर हातोडी चालवणाऱ्या बाईचं अंग दुखतं हे सिद्ध करायला वेगळी तपासणी लागत नाही, त्यामुळं जागा फार सोयीची होती. निबंधातलं शेवटचं वाक्य त्यांना विशेष आवडायचं. "आणि या सर्व काळात," त्यांनी आरशातल्या सभेला सांगितलं, मग थोडं थांबले, कारण तिथं थांबायचं ठरलं होतं, "एकीचीही तक्रार नाही."

सभेनं टाळ्या वाजवायच्या त्या क्षणी आरशाच्या कोपऱ्यात त्यांना दमयंतीबाई दिसल्या. कपाळाला ओढणीसारखा पंचा बांधून त्या मोरीच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. सकाळपासून अर्धशिशी उठली होती. भांडी राखेनं घासत असलेल्या छबूबाईनं हात झटकले, पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि त्यातनं काहीतरी काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "वैनी, ही टाका तोंडात. आमच्या चांगुनीनं दिलीया, कामावरची. सरकारी हाय. ताकदीची." पांढरी होती, मोगऱ्याच्या कळीएवढी, मध्ये एक आडवी रेघ. आरशात सगळं उलटं दिसतं, पण रेघ उलटी काय आणि सुलटी काय. दमयंतीबाईंनी तळहात तोंडाकडं नेला, आणि डॉक्टर टोकेकरांना पुढचं जे कळलं ते स्वतःच्या हाताकडून कळलं. हात गेला होता. ब्रशासकट गेला होता. गोळी फरशीवर टणकन आपटून पाट्याखाली गेली आणि दमयंतीबाईंच्या बाहीवर फेसाचा पट्टा उठला.

"अहो, हे काय!" दमयंतीबाई म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्यानं हात उगारण्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तोही दाढीच्या ब्रशानं. छबूबाई मात्र दचकली नाही. ती डॉक्टरांच्या हाताकडं पाहत होती. मग तिनं विचारलं, त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता, तुमच्यात चतुर्थीला शेंगदाणे चालतात का असं एखाद्या बाईनं विचारावं तसं विचारलं, "वैनीला चालत न्हाई व्हय ही?"

डॉक्टरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तरं बरीच होती. डोकेदुखी वेगळी, अंगदुखी वेगळी. औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. पदरातली गोळी, तिला घाम लागलेला, राख लागलेली. सगळी उत्तरं खरी होती आणि त्यातलं एकही हाताला माहीत नव्हतं. हात त्यांच्या आधी निघाला होता. "ही तुझ्याकडं आली कशी?" त्यांनी उत्तराऐवजी विचारलं. "तिथं बायकांनी समोर गिळायची असते. कंपनीचा ड्रायव्हर बन्सी उभा असतो." छबूबाई हसली, लहान मुलाला हसावं तशी. "गालात धरायची आन वर दूध प्यायचं. दूध जातं, गोळी ऱ्हाती. मग कामावर खायला देत्यात त्या सुकडीसंगं पदरात. सुकडी तरी तिथं कोन खातंय? चांगलं मिळालं ते घरी न्यायचं का आपनच बसून खायचं? घरी म्हातारी हाय, तापानं पडलेली पोरं हायेत. चांगुनी आईलाच देती रोज. मागच्या बाजाराला गेल्ते तर मला बी बांधून दिल्या चार-दोन. आई म्हनती पोटात लई ढवळतं. ढवळनारच. ताकदीचं हाय."

एकीचीही तक्रार नाही, हे वाक्य डॉक्टरांच्या डोक्यात अजून उभंच होतं, टाळ्यांची वाट बघत. आता ते हळूच खाली बसलं. तक्रार नसणारच. जिनं गोळी खाल्लीच नाही ती कशाला कुरकुरेल? आणि ज्यांनी खाल्ली त्यांना विचारायला कुणी गेलंच नव्हतं, कारण ती माणसं गोळीच्या ओळीत नव्हती. घोंगडीवर पडलेल्या म्हाताऱ्या होत्या, खोकणारी पोरं होती. परिषदेत वाचायच्या निबंधातली धडधाकट बाई रोज उन्हात नुसतं दूध पिऊन खडी फोडत होती, आणि निबंधात नसलेली तिची आई औषध खात होती. बाहेर कंपनीच्या जीपचा भोंगा वाजला. डॉक्टरांनी बॅग उचलली. "सायेब, मी येते," छबूबाई म्हणाली, तिनं हातही धुतले नाहीत. "आईला बघते." "अहो, तोंड!" मागनं दमयंतीबाई ओरडल्या, पण डॉक्टरांना वाटलं त्या गप्प बसा म्हणतायत, आणि ते आधीच गप्प होते.

जीप औरंगाबाद रस्त्याला लागली तेव्हा डाव्या गालावरचा फेस वाळायला लागला होता. आधी तो गार होता, मग ओढ बसायला लागली, कुणीतरी बारीक दोऱ्यांनी गाल आतून शिवत असल्यासारखी. बन्सी ड्रायव्हर रस्त्याकडं बघत होता आणि अधूनमधून साहेबांच्या गालाकडं, पण कंपनीचा माणूस असल्यानं काही बोलत नव्हता. मागं दुधाच्या पावडरीचे डबे खडखडत होते आणि डब्यांच्या मध्ये छबूबाई बसली होती. डॉक्टरांना वडील आठवले. विष्णुपंत वैद्य. नेवाशात त्यांच्या ओसरीवर काढ्याची भांडी ओळीनं लागलेली असायची, आणि रोग्याला काढा देण्याआधी विष्णुपंत त्याच्यादेखत पहिला चमचा स्वतः घ्यायचे. आधी वैद्याच्या पोटात, मग रोग्याच्या, हा त्यांचा नेम. दिवसभरात काडेचिराईत, गुळवेल, कडुनिंब असं सगळं गावाचं दुखणं ते थोडं थोडं पिऊन ठेवायचे. त्यामुळं त्यांचं तोंड जन्मभर कडू राहिलं आणि गाव त्यांना तापट समजत आलं. लहानपणी शामकांतला त्याची लाज वाटे. मेडिकलला असताना तो हा किस्सा मित्रांना नक्कल करून दाखवायचा आणि मित्र पोट धरून हसायचे. आता इमामपूरच्या घाटात वळणावर त्यांना तो चमचा दिसला, पितळी, कडेला जरा वाकलेला. मित्रांच्या हसण्याचा आवाजही आला, पण त्यात त्यांचा स्वतःचा आवाज कुठला ते ओळखू येईना. घाटातली झाडं काळी पडली होती. हाडांचा एक ट्रक समोरून गेला, गुरांच्या बरगड्या ताडपत्रीबाहेर डोकावणाऱ्या, आणि तो वास गालावरच्या साबणाच्या वासात मिसळला.

कंपनीचे मुंबईचे साहेब आले होते तो दिवस त्यांना आठवला. फार सभ्य माणूस. जेवताना त्यांनी भाकरी मागून घेतली होती. त्यांनी कागद ठेवले होते आणि डॉक्टरांनी ते वाचलेही होते, कुणी असं म्हणू नये की वाचले नव्हते. त्यात उंदीर होते. उंदरांच्या यकृताला किंचित सूज आढळली, अधिक निरीक्षण आवश्यक, असं होतं. 'किंचित' हा शब्द त्यांना तेव्हा फार शास्त्रीय वाटला होता. मग त्यांनी विचारलं होतं, बायकांना काय सांगायचं? साहेब म्हणाले होते, सांगा ताकदीची आहे, त्यांना बरं वाटेल. आणि दूध मिळेल त्यांना डॉक्टर, या दिवसांत दूध! त्या 'दूध!' नंतर प्रश्न राहिलाच नव्हता. या बायकांची शरीरं आपल्या घरातल्या शरीरांपेक्षा निराळी आहेत, असं डॉक्टर टोकेकरांनी कधीच ठरवलेलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर ते संतापले असते. ते ठरवायची वेळच आली नव्हती. ते आधीच ठरलेलं होतं, चष्मा जसा नाकावर असतो आणि आपण त्यातनं सगळं बघतो, फक्त चष्मा सोडून.

घाट संपता संपता त्यांना एक विचार सुचला आणि तो इतका सोपा होता की त्यांना जरा हुशारीच वाटली. आजपासून तोंड उघडून बघायचं. जीभ वर, गाल बाजूला. गोळी खरंच गिळली गेली की नाही याची खात्री करायची. मधली गडबड आपोआप मिटेल, म्हाताऱ्यांना गोळी जाणार नाही, पोरांना जाणार नाही, निबंधाला धक्का नाही, निबंध चार महिन्यांनी पुढच्या परिषदेत वाचता येईल. पांढरीपूल गाव येईपर्यंत ते या विचारात बसून राहिले, सावलीत बसावं तसे. पुढच्या परिषदेचं भाषणही सुरू झालं होतं मनात, सुधारित पद्धत वगैरे, आणि तेवढ्यात डब्यांच्या मधनं छबूबाईचा आवाज आला. "सायेब, आज बी देनार का हो गोळी?" त्यांनी मागं वळून पाहिलं. ती त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हती. सकाळसारखी हाताकडं बघत होती. हात मांडीवर पडला होता, त्याच्यावर फेसाचा एक टिपका वाळून पापुद्रा झाला होता. डॉक्टरांनी दुसऱ्या हातानं तो झाकला.

तलावाच्या जागी तलाव सोडून सगळं होतं. पांढरी माती, दगडांचे ढीग, टँकरभोवती ओल्या चिखलाचं एक कडं, आणि त्या कड्यावर बसलेल्या पिवळ्या गांधीलमाश्या. हातोड्यांचा आवाज एका तालात नव्हता, त्यामुळं तो थांबला की कान दुखत. जीप दिसताच बायकांनी उठून पितळी पेले, टिनपाटं, एकीनं तर सायकलच्या घंटीची वाटी घेऊन, ओळ धरली. डॉक्टर ओळीकडं गेले नाहीत. ते तीन बांबूंना बांधलेल्या लुगड्यांच्या झोळ्यांकडं गेले. तिथं तान्ही पोरं निजवलेली असत आणि छबूबाईची आई राहीबाई त्यांना झोके देत बसलेली असे. खडी फुटत नाही म्हणून मुकादमानं म्हातारीला पोरं राखायला ठेवली होती. डॉक्टर उकिडवे बसले, तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढली आणि उन्हाकडं तिचं तोंड वळवलं. डोळ्यातल्या पांढऱ्याचा रंग पिवळा होता. की मातीचा होता? की म्हातारपणाचा? पुन्हा पाहिलं. ते रोग ओळखायला बसले होते आणि त्यांना नुसतं ऊन दिसत होतं. म्हातारीनं त्यांचं तोंड नीट न्याहाळलं. "डाक्टर," ती म्हणाली, "तुमचंच तोंड अर्धं हाय, माझं काय बघता?" ओळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. डॉक्टरांनी गालाला हात लावला. खरबरीत, वाळलेला, पापुद्रे सुटलेला डावा गाल. मग त्यांना कळलं की आपण सावेडीपासून इथवर असेच आलो.

भाषण त्यांना येत होतं, महिनाभर तयारी होती. पण त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं. बन्सीनं पावडरीचा एक डबा बादलीत रिकामा करून ठेवला होता तो त्यांनी उचलला आणि ओळीसमोर उभे राहिले. "बायांनो, आज गोळी नाही. उद्याही नाही. ज्यांच्या पदरात असतील त्यांनी या डब्यात टाका. घरी असतील त्या उद्या आणा."

कुणी हललं नाही. बांधलेल्या गाठींवर हात तेवढे गेले. "दिलेलं परत मागत्यात व्हय कुठं?" पुढं चांगुणा उभी होती, छबूबाईची धाकटी बहीण, तळहातांना चिंध्या गुंडाळलेली. "चांगली निघाली आसंल. आता बंगल्यातल्यांना देत्याल. आमाला काय, आमी आपल्या खडी फोडतो." "ए, डाक्टर सांगत्यात तर टाकीना गप!" पुंजाराम मुकादम लांबून ओरडला. "तू नको मधी बोलू मुकादम, तुझ्या म्हशीला बी घातलीया ती तू, मला ठावं हाय," चांगुणा म्हणाली आणि पुंजारामाला एकदम दगड मोजण्याचं काम आठवलं. डॉक्टर म्हणाले, "चांगली आहे म्हणून नाही मागत. ती ताकदीची नाही. ती तपासायची गोळी होती. तुमच्यावर तपासत होतो. तिनं लिव्हर... काळीज बिघडू शकतं. मला माहीत होतं. थोडंसं माहीत होतं." 'थोडंसं' म्हणताना त्यांना 'किंचित' ऐकू आलं. बायकांना ते पटलेलं दिसत नव्हतं. साहेब लोक औषध देतानाही असंच काहीतरी लांबलचक बोलतात आणि काढून घेतानाही. "तुमी खाल्ली का कवा?" चांगुणानं विचारलं. डॉक्टरांना पितळी चमचा आठवला. "नाही," ते म्हणाले. "मग तुमाला काय कळतंय चांगली का वाईट?"

तेव्हा छबूबाई जीपमधनं उतरली. ती बोलली ती डॉक्टरांशी नाही, बहिणीशीही नाही, समोरच्या ढिगाऱ्याशी बोलावं तशी. "म्या आज वैनीला दिली. डोस्कं दुखत हुतं. तोंडाशी गेल्ती. तर ह्यांनी हातातनं उडवली." तिनं हवेत हात मारून दाखवला, जसा सकाळी गेला होता तसाच, ब्रशाच्या झटक्यासकट. "दाढी टाकून धावलं. बायकूला वाचवाया."

झोळीतलं एक पोर कुरकुरलं आणि राहीबाईनं त्याला झोका दिला. बायकांनी डॉक्टरांच्या डाव्या गालाकडं पाहिलं आणि या वेळी कुणी हसलं नाही. मग एकीनं पदर पुढं ओढून गाठ सोडली. मग दुसरीनं. गाठी घट्ट होत्या, घामानं आवळलेल्या, काहींनी दातांनी सोडवल्या. सुकडीचा भुगा लागलेल्या, करड्या पडलेल्या, कडा झिजलेल्या गोळ्या डब्यात पडायला लागल्या. टण. टण. डॉक्टर डबा धरून ओळीनं पुढं सरकत होते आणि प्रत्येकीपुढं जरा वाकत होते, वाकायचं काही कारण नव्हतं, पण डबा वाकल्याशिवाय धरता येत नव्हता. काही जणी त्यांच्याकडं न बघता टाकत. एक म्हातारी टाकून झाल्यावर सवयीनं पाया पडली आणि डॉक्टर मागं सरले, डबा हलला, आतल्या गोळ्या खळखळल्या. त्यांना वाटलं हा आवाज आपल्याला आता कुठल्याही सभागृहात ऐकू येईल. शेवटी चांगुणा. तिची गाठ सगळ्यात मोठी होती. "आईला काय व्हईल?" तिनं डब्यावर मूठ धरून विचारलं, मूठ उघडली नाही. "माहीत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि एवढ्या दिवसांत या जागेवर ते बोललेलं हे पहिलं शास्त्रीय वाक्य होतं. "आत्ता नेतो तिला नगरला. सिव्हिलला. माझ्याबरोबर. आणि ज्यांच्या घरी कुणी खाल्ली त्यांनी उद्या त्या माणसांना इथं आणा. मी रोज येऊन बसेन, इथं, झोळ्यांपाशी." "फुकाट?" "फुकट." मूठ उघडली.

बन्सी जीपला टेकून हे सगळं बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता. तो वाईट माणूस नव्हता, पगारी होता. "साहेब, कंपनीला काय सांगू?" "सांग, तक्रार आली." "कुणाची सांगू?" डॉक्टरांनी डब्यात पाहिलं. "माझी," ते म्हणाले. मुंबईची परिषद, तिथला लाकडी मंच, पहिल्या रांगेतले पांढरे केस, टाळ्या, सगळं त्यांना एकदा स्वच्छ दिसलं, आणि मग त्यावर या जागेची पांढरी माती बसत गेली. त्यांना हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. नुसता गाल ओढत होता, आणि राहीबाईच्या डोळ्यातला तो रंग डोळ्यांसमोरून हलत नव्हता. आज नाही तर उद्या कळेल. कदाचित कळणारही नाही. त्यांनी मान वर केली. ओळ मोडली नव्हती. बायका आपापले पेले, टिनपाटं, घंटीची वाटी धरून तशाच उभ्या होत्या, आणि सगळ्या त्यांच्याकडं बघत होत्या.

"म्हंजी," सायकलच्या वाटीवाली म्हणाली, "उद्यापास्नं दूध बी बंद?"

दूध कंपनीचं होतं. गोळीबरोबर आलं होतं आणि गोळीबरोबरच जाणार. "पाहतो काहीतरी," ते म्हणाले, आणि हे वाक्य या लोकांनी यापूर्वी किती जणांकडून ऐकलं असेल ते त्यांना स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं. मग त्यांनी कोट काढून जीपवर टाकला, बन्सीच्या हातातली बादली आणि पळी घेतली, टँकरचं पाणी ओतलं आणि पावडर कालवायला बसले. आयुष्यात त्यांनी कधी दूध कालवलं नव्हतं. गुठळ्या होत होत्या. पहिला पेला पुढं आला तो चांगुणाचा. तिनं तो धरला, पण लगेच भरून घेतला नाही. ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, उजव्या गालाकडं, मग डाव्या, मग डोळ्यांत. डॉक्टरांची पळी हवेतच थांबली. शिवी देणार असेल तर द्यावी, असं त्यांच्या मनात आलं. आणखी काही म्हणणार असेल तर ते ऐकायला आपण तयार आहोत की नाही, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी पाठ ताठ केली.

"डाक्टर," चांगुणा म्हणाली, "आज तरी जरा दाट कालवा."